एका घरातले दोन कंप

माझ्या सासरच्या घराण्यात हात थरथरणे ही नवलाची गोष्ट नव्हती. माझे आजेसासरे उतारवयात चहा बशीत ओतताना निम्मा सांडत असत, आणि त्यांची लेक, म्हणजे माझ्या पतीच्या आत्या, चाळिशी ओलांडल्यापासून सुईत दोरा ओवायचे काम दुसऱ्याकडे देत आल्या आहेत. "आमच्यात हे असंच असतं," हे वाक्य मी लग्न होऊन फलटणला आले त्याच वर्षी ऐकले होते. त्यामुळे २०१४ च्या सुमारास माझ्या सासऱ्यांचा, म्हणजे अण्णांचा, उजवा हात मांडीवर स्वस्थ ठेवलेला असताना आपोआप हलू लागला, तेव्हा घरात कोणीच दचकले नाही. वडिलांचे मुलाकडे आले, एवढाच त्याचा अर्थ सर्वांनी लावला आणि या समजुतीत आमची जवळजवळ दोन वर्षे गेली.

अण्णा एस. टी. महामंडळात वाहतूक नियंत्रक होते आणि २००८ मध्ये वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले. गाडी फलाटावर केव्हा लागली, केव्हा सुटली, किती मिनिटे उशीर झाला, याची नोंद करण्यात त्यांचा जन्म गेला. निवृत्तीनंतरही दूधवाला, पाण्याची वेळ, वीज जाणे-येणे हे सगळे ते एका लांब वहीत लिहून ठेवत. त्याच वहीतले त्यांचे अक्षर २०१४ नंतर हळूहळू बारीक होत गेले आहे, हे मला फार उशिरा दिसले. ओळीची सुरुवात ठसठशीत आणि शेवट मुंगीएवढा, अशी पानेच्या पाने त्यात आहेत. त्या काळात ती वही कोणी मुद्दाम उघडून पाहिली असती, तर आजाराचे निदान वर्षभर आधीच झाले असते, असे मला आजही वाटते.

इतरही खुणा होत्या. फोडणी करपून घरभर धूर झाला तरी शेजारच्या खोलीत बसलेल्या अण्णांना वास येत नसे. बद्धकोष्ठाची तक्रार वर्षानुवर्षे होती. रात्री झोपेत ते मोठ्याने ओरडत, हातपाय झाडत, आणि एकदा तर सासूबाईंना गुडघा इतका जोरात लागला की त्यांनी आपले अंथरूण वेगळे केले. या तीनही गोष्टी हात हलू लागण्याच्या कितीतरी वर्षे आधीपासून असू शकतात आणि त्या पार्किन्सनच्या, म्हणजे अण्णांना झालेल्या आजाराच्याच खुणा असू शकतात, हे आम्हाला निदानानंतर कळले. मधल्या काळात उजवा खांदा धरला म्हणून शेक आणि व्यायाम झाले. चालताना त्यांचा उजवा हात पुढेमागे हलतच नाही, तो अंगाला चिकटून राहतो, हे खांद्यावर उपचार करणाऱ्याच्याही लक्षात आले नाही आणि आमच्याही नाही. आत्यांना थरथरीसाठी प्रोप्रानोलॉलच्या गोळ्या चालू होत्या आणि त्यांना त्यांचा गुणही येत होता. "माझ्याच घे," म्हणून त्यांनी प्रेमाने दिलेल्या त्या गोळ्या अण्णांनी डॉक्टरांना न विचारता महिनाभर घेतल्या. गुण काही आला नाही. दम्याच्या रुग्णाला किंवा नाडी मंद असणाऱ्याला ती गोळी धोक्याची ठरू शकते हे तेव्हा ठाऊक असते, तर आम्ही त्यांना ती घेऊच दिली नसती.

जानेवारी २०१६ मध्ये पुण्यातील एका मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेलो, तेव्हा आत्याही सोबत होत्या, आणि ते फार बरे झाले. डॉक्टरांनी दोघा भावंडांना समोरासमोर बसवले आणि हात मांडीवर सैल सोडायला सांगून शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितले. आत्यांचे हात स्थिर राहिले. अण्णांचा अंगठा मात्र, त्र्याण्णव, शहाऐंशी, असे आकडे पुढे जातील तसा, तर्जनीवर गोळी वळल्यासारखा फिरू लागला. मग दोघांच्या हाती पाण्याचा पेला दिला, तर चित्र उलटे झाले. आत्यांचे पाणी हिंदकळले आणि अण्णांनी पेला ओठांपर्यंत नेला तो संथपणे, पण जवळजवळ न थरथरता. काम करताना येणारा कंप आणि विश्रांतीत येणारा कंप, हे एका घरात राहूनही एकमेकांचे कोणी नसतात, हे मी त्या दहा मिनिटांत जेवढे समजून घेतले तेवढे नंतर वाचनातूनही समजले नसते. आत्यांचा कंप घराण्यात उतरतो. अण्णांचा आजार बहुतेक रुग्णांत वारशाने आलेला नसतो.

त्यानंतर डॉक्टरांनी जे पाहिले त्यात थरथर नव्हतीच. अंगठा आणि तर्जनी भराभर आपटायला लावून दर आपटीसरशी अंतर कसे कमी होत जाते ते पाहिले, मनगट व कोपर हलवून ताठरपणा पाहिला, वऱ्हांड्यात चालायला लावून वळताना किती पावले लागतात ते मोजले, मागून खांदे ओढून तोल पाहिला. एम. आर. आय. काढला तो दुसरे काही नाही ना, एवढ्याचसाठी. या आजाराचे निदान रक्ताच्या तपासणीने होत नाही, ते डॉक्टरांच्या डोळ्यांनी आणि औषधाला मिळणाऱ्या प्रतिसादावरून होते. "थरथर दिसते म्हणून सगळे तिच्याकडेच बघतात. खरा आजार मंदपणाचा आहे. काही रुग्णांना थरथर कधीच येत नाही," असे ते म्हणाले. हे वाक्य मी वहीत लिहून ठेवले, पण त्याचा अर्थ पुढची आठ-नऊ वर्षे उलगडत गेला. जेम्स पार्किन्सन या इंग्रज डॉक्टरांनी १८१७ मध्ये या विकाराचे वर्णन केले तेही थरथरणारा लकवा या नावाने, आणि आपल्याकडे रूढ असलेला कंपवात हा शब्दही कंपापासूनच सुरू होतो. नावानेच आपली नजर चुकीच्या जागी नेली, असे मला वाटते.

मेंदूच्या तळाशी असलेल्या एका लहानशा भागातील पेशी झिजतात आणि त्या तयार करत असलेले डोपामिन हे हालचालीला लागणारे रसायन कमी पडते. लक्षणे दिसू लागतात तोवर त्यातल्या निम्म्याहून अधिक पेशी गेलेल्या असतात. डोपामिन तोंडाने घेऊन उपयोग नाही, कारण ते रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. लेव्होडोपा हे औषध शिरू शकते आणि तेथे जाऊन त्याचे डोपामिन होते, आणि वाटेतच ते होऊन मळमळ उठू नये म्हणून गोळीत सोबत कार्बिडोपा असते. ही गोळी झिजणे थांबवत नाही, फक्त उणीव भरते. तरीही पहिल्या महिनाभरात अण्णांनी स्वतः शर्टाची बटणे लावली, तेव्हा सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली.

सुरुवातीलाच एक प्रसंग घडला, जो मी प्रत्येक नव्या रुग्णाच्या घरच्यांना आवर्जून सांगते. गोळ्यांनी मळमळ होत होती म्हणून गावातील एका दवाखान्यातून आम्ही ओकारीवरचे औषध आणले. दोन दिवसांत अण्णा लाकडासारखे ताठ झाले, त्यांना कुशीवर वळवायलाही दोन माणसे लागू लागली. पुण्याला फोन केला तेव्हा कळले की ते औषध मेटोक्लोप्रमाइड होते आणि ते मेंदूतील डोपामिनचाच मार्ग अडवते. ते बंद करून डोमपेरिडोन दिले आणि काही दिवसांत अण्णा पूर्ववत झाले. उलटीवरच्या, चक्करवरच्या आणि पित्तावरच्या काही नेहमीच्या गोळ्या या रुग्णांना घातक ठरतात, इतकेच नव्हे तर निरोगी वृद्धांतही त्या पार्किन्सनसारखी लक्षणे उभी करू शकतात. तेव्हापासून घरातील कपाटाच्या आतल्या बाजूला मी चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या औषधांचा कागद चिकटवला आहे, आणि कोणत्याही दवाखान्यात जाताना त्याची प्रत पर्समध्ये असते.

पहिली चार वर्षे तशी सुखाची गेली. नंतर गोळीचा असर चार तासांऐवजी तीन, मग अडीच तास टिकू लागला. पुढच्या गोळीच्या आधीचा अर्धा तास अण्णा जणू चावी संपलेल्या घड्याळासारखे मंदावत जात, आणि गोळी घेतल्यावर चाळीसेक मिनिटांनी पुन्हा चालू होत. डॉक्टरांनी नोंद ठेवायला सांगितली, आणि अण्णांनी आपल्या जुन्या सवयीने वहीत चार रकाने आखले: गोळीची वेळ, अंग मोकळे झाल्याची वेळ, पुन्हा जखडल्याची वेळ, शेरा. त्या नोंदींवरूनच आम्हाला कळले की दुपारची गोळी रोज फुकट जाते. सकाळची पाण्याबरोबर होई आणि लागू पडे, दुपारची मात्र जेवणात उसळ किंवा पिठले झाल्यावर घेतली जाई. प्रथिने आणि लेव्होडोपा हे आतड्यातून आणि पुढे मेंदूत जाताना एकाच वाटेने जातात, गर्दी झाली की औषध मागे राहते. मग गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी साध्या पाण्याबरोबर आणि डाळी-कडधान्ये शक्यतो रात्री, असे ठरवले. आमच्या घरी दुपारचे जेवण हेच मुख्य जेवण होते, त्यामुळे हा बदल सासूबाईंना औषधांपेक्षाही जड गेला.

कोकणातल्या एका नातलगांनी खाजकुहिलीच्या बियांचे चूर्ण आणून दिले होते. आयुर्वेदात कंपवातावर ते वापरतात आणि त्या बियांत लेव्होडोपाच असते, त्यामुळे ते औषध खोटे नाही. पण गोळ्या चालू असताना त्यावर चूर्ण म्हणजे किती मात्रा पोटात गेली याचा हिशेबच उरत नाही. आठवड्याभरात अण्णांची मान आणि खांदा वेलीसारखे वळवळू लागले. ती थरथर नव्हती, ती औषध जास्त झाल्याची हालचाल होती, आणि लांबून पाहणाऱ्याला दोन्हींतला फरक कळत नाही. कोणी भेटायला येई आणि "आजार वाढलेला दिसतोय, डोस वाढवून घ्या," असे सांगून जाई. तेव्हा वाढवायचा नव्हता, कमी करायचा होता.

या सगळ्या वर्षांत मला सर्वांत कठीण गेले ते त्यांच्या चेहऱ्याचे स्थिर होणे. अण्णा हसतमुख नव्हते, पण त्यांच्या भुवया बोलत असत. त्या थांबल्या. पापण्या क्वचित लवत, आवाज बारीक झाला, आणि सासूबाईंनी काहीही सांगितले तरी समोरून त्याच निर्विकार नजरेने पाहणे होई. एका दुपारी त्या स्वयंपाकघरात माझ्याजवळ येऊन रडल्या. "पन्नास वर्षांत कधी माझ्यावर इतके दिवस रागावले नव्हते," असे त्या म्हणत होत्या. ते रागावलेले नाहीत, त्यांच्या चेहऱ्याच्या स्नायूंना हुकूम पोहोचत नाही, हे मी त्यांना समजावले, पण पटले ते पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळाच्या एका सभेला गेल्यावर. तेथे तसेच चेहरे आणि त्यांच्याशेजारी बसलेल्या बायका-नवरे पाहून त्या परतीच्या गाडीत बराच वेळ अण्णांचा हात हातात घेऊन बसल्या होत्या. त्यानंतर त्यांनी चेहऱ्याकडे बघायचे सोडले आणि "आवडलं का?" असे तोंडाने विचारायला सुरुवात केली. अण्णा शब्दांत उत्तर देत. उत्तर यायला वेळ लागे, पण येई.

बटणांचा प्रश्न पुन्हा उभा राहिला तो २०२० मध्ये. माझे पती कामासाठी सकाळी सातला बाहेर पडत आणि सासूबाईंच्या बोटांना संधिवात. पुरुषमाणसाच्या अंगावरील सदऱ्याची बटणे सुनेने लावायची, ही गोष्ट अण्णांच्या पिढीला किती अवघड असते हे ज्याच्या घरी झाले त्यालाच कळेल. पहिले काही दिवस ते भिंतीकडे पाहत असत. मग मीच एक वाट काढली: सदऱ्याची बटणे जागच्या जागी वरून शिवून टाकली आणि आतून चिकटपट्टी लावली, म्हणजे सदरा दिसायला बटणांचाच, पण नुसता दाबला की बंद. त्या दिवशी ते स्वतः सदरा घालून अंगणात जाऊन बसले.

कागदपत्रांच्या बाबतीत फार लिहीत नाही, पण दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. सही जुळत नाही म्हणून एका बँकेतून आम्ही तीन वेळा रिकाम्या हाती परत आलो. आजारी वा वृद्ध खातेदाराला दोन साक्षीदारांसमोर, ज्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असेल, अंगठा उठवून पैसे काढता येतात, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे, हे चौथ्या खेपेला एका अधिकाऱ्याने आपणहून सांगितले. हयातीच्या दाखल्यासाठी बोटाचा ठसा यंत्रावर स्थिर राहीना म्हणून मोबाइलवर चेहरा दाखवून पाहिला, तर पडद्यावर सूचना आली की डोळ्यांची उघडझाप करा. ज्या माणसाच्या पापण्या आजारानेच लवत नाहीत त्याला ही सूचना किती वेळ बघत बसावी लागली असेल! अखेर गोळी लागू पडलेल्या वेळेत, सकाळी साडेसातला, ते जमले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत पार्किन्सनचे नाव आहे, तेव्हा दाखला मिळू शकतो. आम्ही तो साताऱ्यातून काढला, आणि तो बराच आधी काढायला हवा होता.

पाय जमिनीला चिकटणे २०२२ पासून सुरू झाले. मोकळ्या अंगणात अण्णा चालत, पण उंबरठ्याशी आले की थबकत, वरचे अंग पुढे जाई आणि पाय मागेच राहत. अशा वेळी हात धरून ओढले की माणूस पडतो, हे आम्ही एक पडझड झाल्यावर शिकलो. फरशीवर एकेका पावलाच्या अंतराने पिवळ्या पट्ट्या आडव्या चिकटवल्या, आणि त्या ओलांडायच्या म्हटले की पाय उचलू लागले. २०२३ च्या आषाढात माउलींची पालखी फलटणला मुक्कामाला आली. नोकरीतली कित्येक वर्षे अण्णांनी वारीच्या जादा गाड्यांत काढली होती, त्यामुळे पालखी पाहायचीच होती, पण दारातच ते अडकले. तेवढ्यात रस्त्यावरून एक दिंडी टाळ वाजवत गेली, आणि "ज्ञानबा-तुकाराम" च्या ठेक्यावर त्यांचा उजवा पाय सुटला, मग डावा, आणि ते फाटकापर्यंत न थांबता गेले. फिजिओथेरपिस्टना हे सांगितले तेव्हा ठेक्याने पाय मोकळे होतात हे उपचारातलेच तंत्र आहे असे त्या म्हणाल्या. आजही अण्णा उंबरठ्याशी आले की आवाज फुटत नाही तरी ओठ हलवून तेच म्हणतात.

आता थरथरीकडे परत येते, कारण सर्वांत मोठा निर्णय तिच्यावरूनच झाला. सुरुवातीला आम्हीच आग्रह धरला होता की हात दिसायला वाईट दिसतो, त्यावर काही द्या, आणि डॉक्टरांनी विस्मरणाचा इशारा देऊन ट्रायहेक्सिफेनिडिल सुरू केले होते. थरथर बरीच कमी झाली आणि आम्ही समाधानी होतो. २०२३ च्या दिवाळीनंतर अण्णा संध्याकाळी मला हाक मारून सांगू लागले की दिवाणखान्यात दोन प्रवासी कधीचे बसले आहेत, त्यांची गाडी केव्हाची ते बघून सांग. ते घाबरलेले नव्हते, उलट प्रवासी ताटकळल्याची त्यांना काळजी होती. मी एकदा-दोनदा "सुटेल आता" असे म्हटलेही. पुण्याला गेलो तेव्हा डॉक्टर म्हणाले की हे भास थरथरीवरच्या त्या गोळीचे असावेत, ती हळूहळू बंद करावी लागेल आणि मग हात पुन्हा हलेल. मेंदूत तार बसवण्याच्या शस्त्रक्रियेबद्दलही विचारले, पण वय आणि विस्मरण पाहता ती त्यांनी सुचवली नाही. मी आणि माझे पती एकमेकांकडे पाहत असताना अण्णा बऱ्याच वेळाने, पण स्पष्ट बोलले: "हात हलू दे. डोकं जाग्यावर पाहिजे." आठ वर्षे आम्ही सर्वांनी ज्या हाताकडे पाहिले, त्याच्याकडे त्यांनी स्वतः कधीच फारसे पाहिले नव्हते, हे मला तेव्हा कळले. दीड-दोन महिन्यांत प्रवासी दिसायचे थांबले आणि हात पूर्वीपेक्षाही जोरात हलू लागला.

गेल्या भाऊबीजेला आत्या आल्या. त्या आता ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. ओवाळताना त्यांच्या हातातले ताम्हन इतके हलत होते की निरांजनाची ज्योत भिंतीवर नाचत होती, म्हणून मी खालून हात लावायला पुढे झाले, पण त्यांनी मानेनेच नको म्हटले. समोर पाटावर अण्णा बसलेले, उजवा हात गुडघ्यावर अखंड थरथरत होता. ओवाळून झाल्यावर ओवाळणी घालण्यासाठी त्यांनी नोट घेतलेला तो हात उचलला, आणि गुडघ्यावरून ताम्हनापर्यंतच्या त्या सावकाश प्रवासात तो पूर्ण स्थिर होता. ताम्हन हलत होते म्हणून नोट घालायला त्यांना वाट पाहावी लागली. त्यांनी ती पाहिली, आणि आत्यांनीही. या सगळ्यात दुपारची गोळी वीस मिनिटे उशिरा झाली. वही आता मी लिहिते, पण वेळ तेच सांगतात. त्यांनी सांगितल्याप्रमाणे मी शेऱ्याच्या रकान्यात "भाऊबीज" असे लिहिले.